मेरीमातेच्या गडाखालचे गाव : फ्रॉम्बॉर्क

पोलंडच्या उत्तर टोकाला, रशियाच्या कालिनिनग्राद प्रांताच्या सरहद्दीजवळ, फ्रॉम्बॉर्क नावाचे एक चिमुकले गाव आहे. त्याची लोकवस्ती अडीच हजारांच्या आतच भरेल. आपल्याकडील एखाद्या आठवडी बाजाराच्या गावीही याहून अधिक माणसे नांदतात. परंतु या गावात पाऊल टाकताच प्रवाशाची दृष्टी आपोआप वर जाते. समोर एक टेकडी. टेकडीभोवती तांबड्या विटांचा तट. आणि तटाच्या आत उतरत्या छपराचे भव्य कॅथेड्रल. पायथ्याशी व्हिस्तुलाचे विस्तीर्ण, उथळ खाजण पसरलेले आहे. वाळूच्या एका लांबट पट्टीने ते बाल्टिक समुद्रापासून वेगळे केले आहे.

पृथ्वी सूर्याभोवती फिरते, हे युरोपला गणिताने पटवून देणारा ज्योतिर्विद निकोलस कोपर्निकस याच टेकडीवर राहिला आणि येथेच त्याने देह ठेवला. असे असूनही साडेचारशेहून अधिक वर्षे त्याचे थडगे नेमके कोठे आहे, हे कोणालाही सांगता येत नव्हते. ते कसे सापडले, आणि त्याआधी हे गाव स्वतःच धुळीतून पुन्हा कसे उभे राहिले, ही हकीकत मोठी मनोवेधक आहे.

विटांचा गड

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात वार्मिया प्रांताच्या बिशपचे धर्मपीठ या टेकडीवर आले. जर्मन वसाहतकारांनी स्थानाला नाव दिले ‘फ्राउएनबुर्ग’, म्हणजे मेरीमातेचा गड. १३१० साली पायथ्याच्या वस्तीला नगराचे हक्क मिळाले आणि १३२९ मध्ये सध्याच्या कॅथेड्रलचे काम सुरू झाले. ते पुरे व्हायला १३८८ साल उजाडले. ज्यांनी पाया घातला, त्यांतील बहुतेकांना कळस पाहावयास मिळाला नसेल! या सपाट प्रदेशात बांधकामाचा दगड दुर्मिळ. तेव्हा गवंड्यांनी भाजलेल्या विटांवरच सारी भिस्त ठेवली आणि त्यांतूनच कमानी, मनोरे व नक्षी साकारली. १४६६ च्या तहाने वार्मिया पोलंडच्या राजाच्या छत्राखाली आला.

टेकडीवरचा ज्योतिर्विद

कोपर्निकसचा जन्म १४७३ साली टोरून नगरीत झाला. लहानपणीच पित्याचे छत्र हरपल्यावर मामाने त्याचा सांभाळ केला. हे मामा, लुकास वाट्झेनरोड, पुढे वार्मियाचे बिशप झाले. क्राकूफ आणि त्यानंतर इटलीतील विद्यापीठांत शिकून परतलेला भाचा १५१० च्या सुमारास फ्रॉम्बॉर्कला येऊन राहिला. कॅथेड्रलचा कारभार पाहणारे सदस्य ‘कॅनन’ म्हणून ओळखले जात. तो त्यांपैकी एक होता. जमिनींचे हिशेब, नाण्यांच्या सुधारणेचा प्रश्न, रुग्णांचे औषधपाणी अशा नाना कामांत त्याचा दिवस जाई. ग्रहताऱ्यांसाठी उरे ती रात्र.

आणि रात्रही नेहमी अनुकूल नसे. दुर्बिणीतून आकाश पाहण्यास तेव्हा आणखी शंभर वर्षांचा अवकाश होता. त्याच्याजवळ होती ती लाकडी उपकरणे. त्यात व्हिस्तुलाकाठच्या धुक्यामुळे बुधाचे दर्शन दुरापास्त होई. ही तक्रार त्याने आपल्या ग्रंथातच नमूद केली आहे. १५२० च्या प्रारंभी ट्युटॉनिक सरदारसंघाच्या सैन्याने गाव जाळले. टेकडीचा तट तेवढा टिकला.

आपला सिद्धान्त छापण्यास कोपर्निकस कित्येक वर्षे कचरत होता. अखेर १५३९ साली विटेनबर्गहून पंचविशीचा एक गणितज्ञ त्याच्या दारी आला. त्याचे नाव रेटिकस. तो प्रोटेस्टंट पंथाचा, तर कोपर्निकस कॅथॉलिक धर्मपीठाचा अधिकारी. त्या काळी या दोन पंथांत केवढे वैर होते! तरी हा तरुण शिष्यभावाने सुमारे दोन वर्षे वृद्ध गुरूच्या सहवासात राहिला आणि त्याच्या आग्रहामुळे हस्तलिखित मुद्रणालयाच्या वाटेला लागले. १५४३ मध्ये न्युरेंबर्ग येथे ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी २४ मे रोजी कोपर्निकसने इहलोक सोडला. छापील ग्रंथ मृत्युशय्येवर त्याच्या हाती आला, अशी आख्यायिका आहे. त्याला कॅथेड्रलमध्ये पुरण्यात आले. पण थडग्यावर ओळख पटविणारी खूण राहिली नाही.

आज पाहण्यासारखे

वाचकहो, आपण कधी फ्रॉम्बॉर्कला गेलात, तर प्रथम तटाच्या वायव्य कोपऱ्यातील ‘कोपर्निकसचा बुरूज’ अवश्य पाहा. जुन्या बिशपवाड्यात १९४८ साली स्थापन झालेले कोपर्निकस संग्रहालय आहे. कॅथेड्रलमध्ये सतराव्या शतकातील ऑर्गन वाद्य असून उन्हाळ्यात त्यावर मैफली होतात. पायथ्याशी विटांचा उंच जलमनोरा दिसेल. तो कोपर्निकसने बांधला, असे लोक सांगत आले. वास्तविक तो त्याच्या मृत्यूनंतर सुमारे तीस वर्षांनी उभा राहिला. थोर पुरुषाच्या नावे अशी कामे जमा करण्याची रीत सर्व देशांत सारखीच म्हणावयाची!

मुलांना सर्वांत मौज वाटेल ती राजेयोव्स्की मनोऱ्यात. तेथे सुमारे अठ्ठावीस मीटर लांबीचा फुकोचा लंबक टांगलेला आहे. लंबक मंदपणे झोके घेतो आणि काही वेळाने पाहावे, तो त्याच्या झोक्याची दिशा बदललेली दिसते. वास्तविक खालची जमीन, म्हणजे पृथ्वीच, फिरलेली असते. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, हे आपल्या आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास सांगून ठेवले होते. चालत्या नावेतील माणसाला काठ मागे जाताना दिसतो, हा त्याचा दृष्टान्त मनात ठेवून हा लंबक पाहिला, तर त्याचे मर्म चटकन उमगते.

बालवीरांचे फावडे

हे सारे पाहताना एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. टेकडीखालील जुने गाव आज फारसे उरलेले नाही. १७७२ पासून हा भाग प्रशियाकडे आणि पुढे जर्मनीकडे होता. १९४५ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात युद्धाची आघाडी येथवर पोहोचली. आसपासच्या प्रदेशातील जर्मन कुटुंबे गोठलेल्या खाजणावरून, बर्फावर गाड्या हाकीत पळत सुटली. त्यांतील हजारो जण वाटेत दगावले. गावाचा बहुतांश भाग उद्ध्वस्त झाला. कॅथेड्रल घायाळ होऊनही उभे राहिले. युद्धानंतर फ्रॉम्बॉर्क पोलंडमध्ये आले आणि स्वतः घरदार गमावलेली माणसे दूरदूरच्या भागांतून येऊन तेथे राहू लागली. या गावाशी त्यांचे पिढ्यांचे नाते नव्हते.

ढिगारे मात्र वर्षानुवर्षे तसेच राहिले. तेव्हा पोलंडच्या बालवीर संघाने १९६६ साली ‘मोहीम १००१ – फ्रॉम्बॉर्क’ हाती घेतली. पोलंड राष्ट्राला त्या वर्षी सहस्र वर्षे पूर्ण होत होती. पुढच्या सहस्रकाचे पहिले वर्ष, म्हणून एक हजार एक. १९७३ मध्ये येणाऱ्या कोपर्निकसच्या पाचशेव्या जयंतीपर्यंत गाव सजवावयाचे, हा संकल्प होता. देशभरातून सुमारे तीस हजार मुलेमुली आळीपाळीने येथे आली. त्यांनी ढिगारे उपसले, रस्त्यांची कामे केली, झाडे लावली. संकल्प सिद्धीस गेला. त्या जयंतीनिमित्त आपल्या डाक विभागानेही १९७३ मध्ये कोपर्निकसचे तिकीट काढले होते.

पंचांगातील दोन केस

गाव उभे राहिले, तरी थडग्याचे कोडे उरलेच होते. प्रत्येक कॅननकडे एकेका वेदीची व्यवस्था असे आणि मृत्यूनंतर त्याला तिच्याच जवळ पुरीत, असा कयास इतिहास-संशोधकांनी बांधला. त्या धोरणाने २००४ पासून कॅथेड्रलच्या फरशीखाली उत्खनन झाले. २००५ साली सुमारे सत्तर वर्षे वयाच्या एका पुरुषाची कवटी हाती लागली. कोपर्निकस सत्तराव्या वर्षीच वारला होता. परंतु तेवढ्यावरून खात्री कशी द्यावी?

येथे एक जुनी लूट कामी आली. १६२६ साली स्वीडनच्या सैन्याने फ्रॉम्बॉर्कचा ग्रंथसंग्रह उचलून नेला होता. त्यातील श्टॉफ्लर नामक विद्वानाचा, १५१८ मध्ये छापलेला एक पंचांगवजा ग्रंथ कोपर्निकसने दीर्घकाळ वापरला होता. तो उप्साला येथे जपून ठेवलेला आहे. त्याच्या पानांत काही केस अडकलेले आढळले. त्यांतील दोन केसांचे आनुवंशिक द्रव्य त्या अस्थींशी जुळले. हा निष्कर्ष २००८ मध्ये जाहीर झाला. काही अभ्यासकांनी शंका काढल्या. तथापि ही ओळख सर्वसाधारणपणे मान्य झाली आहे.

२२ मे २०१० रोजी कोपर्निकसच्या अस्थींना त्याच कॅथेड्रलमध्ये सन्मानाने मूठमाती देण्यात आली. ज्या धर्मसंस्थेने १६१६ साली त्याच्या ग्रंथावर बंदी घातली होती, तिच्याच धर्माधिकाऱ्यांनी या वेळी प्रार्थना म्हटली. थडग्यावर आता काळा पाषाण आहे. त्यावर सोनेरी सूर्य आणि त्याभोवती सहा ग्रह कोरलेले आहेत. कोपर्निकसला ठाऊक होते तेवढेच.

ज्यांनी हा गड बांधला, त्यांचे वंशज आज फ्रॉम्बॉर्कमध्ये राहत नाहीत. दूरवरून आलेल्या माणसांनी तो आपला मानला आणि परगावच्या मुलांनी सुट्टीत येऊन त्याची माती उपसली. आपल्या गावची पडकी वेस, बुजलेली बारव किंवा नाव पुसलेली समाधी पाहताना या मुलांची आठवण ठेवावी. अशा वास्तूंचा वारस कोण, हे शेवटी त्या जपणाऱ्यांच्या हातांवरच ठरते.