आईबाबा कामावर, मूल शाळेत: दिवसाचा हिशेब कोणी ठेवायचा?

सकाळी साडेसहाच्या सुमारास पाषाणहून सूसकडे जाणाऱ्या रस्त्यावर शाळांच्या पिवळ्या बसगाड्या दिसू लागतात. उंच इमारतींच्या फाटकांशी दप्तर पाठीला लावलेली मुले आणि त्यांचा हात धरून उभे असलेले पालक वाट पाहत असतात. तासा-दोन तासांनी तेच पालक हिंजवडीच्या वाटेला लागतात. शेजारच्या बांधकामावरील पत्र्याच्या खोल्यांमधून मजूर जोडपी कामावर निघतात. जुन्या गावठाणात एखादी आजी नातवाला न्याहारी भरवीत बसलेली असते.

मुळशी तालुक्यातील हे गाव जून २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. शेतांच्या जागी वसाहती आल्या आणि हाकेच्या अंतरावर तीन निरनिराळी बालपणे नांदू लागली. यांपैकी बहुतेक घरांत आता आईबाबा दोघेही दिवसभर बाहेर असतात. म्हणूनच दोघेही कामावर गेल्यावर मुलाच्या वाढीचे काय होते, हा प्रश्न येथे सदनिकेत राहणाऱ्यांचा जितका, तितकाच ती सदनिका बांधणाऱ्यांचाही आहे.

प्रश्न आईच्या नोकरीचा नाही

घरोघरी हा प्रश्न विचारला जातो तो केवळ आईला. मूल चिडचिडे झाले, जेवेना, अभ्यासात मागे पडले, की बोट तिच्या नोकरीकडे जाते. या विषयावरील एक मोठा दीर्घकालीन अभ्यास अमेरिकेत १९९१ मध्ये सुरू झाला. तेराशेहून अधिक मुलांची वाढ जन्मापासून पुढे अनेक वर्षे नोंदवली गेली. आईने स्वतः सांभाळलेली आणि इतरांनी सांभाळलेली मुले यांच्या विकासात केवळ त्या कारणाने मोठा फरक आढळला नाही. पाळणाघरातील सांभाळ चांगल्या दर्जाचा असेल तर भाषा आणि आकलन काहीसे सरस दिसले. तेथे फार जास्त तास घालवणाऱ्या मुलांत हट्ट व आक्रमकपणा थोडा अधिक दिसला. मात्र या दोन्हींपेक्षा अधिक प्रभाव होता तो घरातील वातावरणाचा आणि पालक मुलाला किती जाणून, किती आपुलकीने प्रतिसाद देतात याचा.

तेव्हा आईने नोकरी करावी की नाही, यापेक्षा वेगळे प्रश्न विचारायला हवेत. मूल किती तास झोपते? त्याच्याशी दिवसभरात कोण, कसे बोलते? त्याला सांभाळणारी माणसे वारंवार बदलतात का? मोकळेपणी खेळायला त्याला वेळ मिळतो का?

दोन घड्याळांमध्ये सापडलेली झोप

सहा वर्षांच्या एका मुलीचा दिवस डोळ्यांसमोर आणू या. पावणेसातची बस गाठायची म्हणून ती सहाला उठते. आईबाबा रात्री आठला घरी येतात. जेवण नऊला होते, थोडे खेळणे, गप्पा, उद्याची तयारी होईपर्यंत साडेदहा वाजतात. झोप मिळाली साडेसात तास. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप हवी, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने दुपारच्या झोपेसह दहा ते तेरा तास सांगितले आहेत. किमान मर्यादा धरली तरी या मुलीचे रोज दीड तास, म्हणजे शाळेच्या पाच दिवसांत साडेसात तास बुडाले. आठवड्यातून एक अख्खी रात्र ती झोपलीच नाही, असा याचा अर्थ.

गाढ झोपेत वाढीचे संप्रेरक स्रवते आणि दिवसा शिकलेले मेंदूत पक्के होते. झोप अपुरी राहिलेले प्रौढ पेंगुळतात. मुले मात्र अनेकदा उलट वागतात. ती अस्वस्थ होतात, एका जागी बसत नाहीत, क्षुल्लक कारणावरून रडतात. वर्गात अशा मुलावर चंचलपणाचा शिक्का सहज बसतो.

मुलांची झोप पुरी होत नाही, ही चिंता डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी जाहीरपणे मांडली. त्यानंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवण्याचा निर्णय घेतला. मुलाच्या शरीराच्या दृष्टीने तो योग्यच होता. मात्र त्यातून दुसरी अडचण पुढे आली. ज्या घरी आजी-आजोबा नाहीत आणि आईबाबांना आठलाच निघावे लागते, तेथे मधला तासभर मूल कोणाजवळ राहणार? शाळेचे घड्याळ एकाने लावायचे, कार्यालयाचे दुसऱ्याने, आणि दोहोंचा मेळ मुलाच्या झोपेतून घालायचा, ही खरी व्यथा आहे.

बोलणे, ऐकणे आणि घरची भाषा

लहान मुलाचा मेंदू घडतो तो देवाणघेवाणीतून. बाळ हुंकार देते, आई त्याच्याकडे पाहून उत्तर देते. मूल ‘हे काय?’ विचारते, आजोबा सांगतात आणि उलट त्यालाच काही विचारतात. चार ते सहा वर्षांच्या मुलांवर अमेरिकेत झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या मुलांशी मोठी माणसे आळीपाळीने, खरा संवाद करीत, त्यांच्या मेंदूतील भाषेशी संबंधित भाग गोष्ट ऐकताना अधिक क्रियाशील आढळला. घरचे उत्पन्न कमी-अधिक असले तरी हा संबंध टिकून होता. पडदा मुलाशी पुष्कळ बोलतो, पण त्याचे ऐकत नाही. म्हणूनच दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवू नये आणि दोन ते पाच या वयात तो एका तासापेक्षा अधिक नसावा, असे भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे मार्गदर्शन आहे.

सूससारख्या ठिकाणी यात भाषेचाही प्रश्न मिसळतो. घरी मराठी, हिंदी किंवा तेलुगू, सांभाळणाऱ्या मावशींची बोली निराळी, आणि तिसऱ्या वर्षी शाळेत इंग्रजी. अनेक भाषा कानावर पडण्याने मुलाचे नुकसान होत नाही. नुकसान होते ते शाळेत इंग्रजी नीट यावे म्हणून आईबाबांनी घरची भाषाच सोडून देण्याने; कारण मग लाड, राग आणि गोष्टी यांना शब्द अपुरे पडतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिक्षण द्यावे, असे म्हटले आहे.

कायद्यातील पाळणा

मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये झालेल्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी आली आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा मिळाली. पित्याच्या रजेची तरतूद मात्र त्या दुरुस्तीत नव्हती. बांधकाम मजुरांसाठीच्या १९९६ च्या कायद्यानेही पन्नासपेक्षा अधिक स्त्रिया काम करीत असलेल्या ठिकाणी सहा वर्षांखालील मुलांसाठी खोल्यांची सोय सांगितली होती. पुण्यात ‘तारा मोबाइल क्रेशेस’सारखी संस्था बांधकामांवर अशी पाळणाघरे चालवते. पण जेथे मजूर स्त्रियांची संख्या पन्नासच्या आत राहत असे, तेथे त्या कायद्याची ही सक्ती उरत नसे. तेथे धाकट्या भावंडाला सांभाळण्याचे काम सात-आठ वर्षांच्या बहिणीकडे येते, आणि तिची शाळा सुटते.

बोर्डीची आठवण

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. आदिवासी पाड्यांवरील आईबाप मजुरीला जात, मोठी मुले गुरे राखीत आणि भावंडे सांभाळीत. मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांना वा पालकांना दोष न देता या दोघींनी शाळाच पाड्याच्या अंगणात नेली. अंगणवाडीची कल्पना तेथे रुजली. गुराखी मुलांसाठी कुरणावर शाळा भरली. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडला गेले, आणि तेथील विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आल्या. धाकटे पाळण्यात आणि थोरली शेजारच्या वर्गात, अशी ती व्यवस्था होती. पालकांच्या कामाचे तास ध्यानात घेऊन मुलाचा दिवस आखावा, हे ताराबाईंनी साधनांची टंचाई असताना करून दाखवले. आजच्या सधन वसाहतींना ते अशक्य नसावे.

आपल्याला काय करता येईल?

झोपेची वेळ आधी ठरवावी आणि बाकीची संध्याकाळ तिच्याभोवती बसवावी. आईबाबांपैकी एकालाच लवकर येणे शक्य असेल, तर मुलाचे जेवण साडेसातला उरकावे. सर्वांनी मिळून जेवण्याचा आनंद सकाळच्या न्याहारीला किंवा सुटीच्या दिवशी घ्यावा. घरी आल्यावर पहिली वीस मिनिटे फोन बाजूला ठेवून मुलाजवळ बसावे. अभ्यास झाला का, हा प्रश्न थोडा नंतर विचारला तरी चालतो.

पाळणाघर निवडताना भिंतींच्या रंगांपेक्षा सांभाळणाऱ्या ताई किती वर्षांपासून तेथे आहेत, त्या मुलाच्या पातळीला बसून बोलतात का, दिवसातून किती वेळ मुले उघड्यावर खेळतात, हे पाहावे. प्रारंभीचे काही आठवडे मूल निरोपाच्या वेळी रडते. ते स्वाभाविक आहे. सुरुवातीला तासभर, मग अर्धा दिवस, अशी सवय लावावी. न सांगता निघून जाऊ नये. निरोप थोडका पण स्पष्ट असावा.

दोन वर्षे पूर्ण होऊनही मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, हाकेला सातत्याने प्रतिसाद देत नसेल, शाळेच्या दिवशीच वारंवार पोट दुखत असेल, किंवा थांबलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू झाले असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. अशा वेळी दोष कोणाचा, ही चर्चा घरात करीत बसू नये.

गृहसंकुलांच्या सभांमध्ये वाहनतळ आणि पाणी यांवर तासन्‌तास चर्चा होते. त्याच सभेत सकाळच्या मधल्या तासासाठी एक खोली आणि एक विश्वासू ताई यांचा विषय घेता येईल. त्या खोलीचे दार आपल्याकडे घरकाम करणाऱ्या मावशींच्या आणि शेजारच्या बांधकामावरील मजुरांच्या मुलांनाही उघडे असावे. त्या मावशी आपले मूल सांभाळतात, तेव्हा त्यांचे मूल कोठे असते, हे एकदा त्यांना विचारून पाहावे.