सिस्टरचे काम सुईपुरते नाही

साकोली तालुक्यातल्या एखाद्या गावात 'सिस्टर काय करते?' असे विचारले, तर बहुधा एकच उत्तर येईल: बाळांना सुई देते, डोस पाजते, गोळ्या वाटते. उत्तर खोटे नाही, पण ते फार अपुरे आहे, आणि या अपुरेपणाची किंमत गावालाच मोजावी लागते. ज्या कामाची गावाला कल्पनाच नसते, ते काम झाले नाही तरी कोणी विचारत नाही. सार्वजनिक आरोग्य परिचर्या म्हणजे दवाखान्यातल्या नर्सिंगची खेड्यात पाठवलेली धाकटी आवृत्ती, हा या क्षेत्रातला सर्वांत मोठा गैरसमज आहे. वस्तुस्थिती अशी की या शाखेची विचार करण्याची स्वतःची चौकट आहे. वॉर्डातल्या परिचारिकेपुढे खाटेवरचा रुग्ण असतो. सार्वजनिक आरोग्य परिचारिकेपुढे अख्खी वस्ती असते, आणि त्या वस्तीत अजून आजारी न पडलेली माणसेही तिच्या जबाबदारीत येतात.

ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत लिलियन वॉल्ड यांनी 1893 मध्ये घरोघरी जाऊन परिचर्या सुरू केली, आणि 'पब्लिक हेल्थ नर्स' हे नाव रूढ करण्याचे श्रेय त्यांनाच दिले जाते. दिल्लीत हेल्थ व्हिजिटर तयार करणारे लेडी रीडिंग हेल्थ स्कूल 1918 मध्ये उघडले. भोर समितीने 1946 च्या अहवालात देशाच्या आरोग्यव्यवस्थेचे चित्र मांडले, तेव्हा साधारण 43,000 लोकांमागे एक परिचारिका होती. त्याच समितीने प्रतिबंध आणि उपचार हे एकाच यंत्रणेचे काम मानले आणि सार्वजनिक आरोग्य परिचारिकेला त्या रचनेत जागा दिली. पुढे 1973 मध्ये कर्तारसिंग समितीने वेगवेगळ्या रोगांसाठी नेमलेल्या कर्मचाऱ्यांऐवजी बहुउद्देशीय कर्मचारी सुचवले आणि एएनएम (सहाय्यक परिचारिका-प्रसाविका), म्हणजे गावाची सिस्टर, ही बहुउद्देशीय आरोग्यसेविका झाली. नाव बहुउद्देशीय झाले, पण त्यानंतरच्या काळात तिचे प्रशिक्षण चोवीस महिन्यांवरून अठरा महिन्यांवर आणले गेले आणि तिच्या कामाचे मोजमाप कुटुंबनियोजन व लसीकरणाच्या टार्गेटवर होऊ लागले. पुढे अभ्यासक्रम पुन्हा दोन वर्षांचा झाला. लोकांच्या मनातली 'सुईवाली बाई' मात्र त्या अरुंद झालेल्या काळातून आलेली आहे. तिला चौकट नव्हती असे नाही. चौकटीचा एकच कोपरा तिच्या हातात राहिला.

तो कोपरा किती लहान आहे, हे पाहायचे तर अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या आरोग्य विभागाने मांडलेले 'इंटरव्हेन्शन व्हील' उपयोगी पडते. तिथल्या परिचारिका प्रत्यक्षात काय करतात याचा अभ्यास करून 1990 च्या दशकात ते तयार झाले आणि 2001 मध्ये पुराव्यांची छाननी करून सुधारले गेले. त्यात सतरा प्रकारची कामे आहेत: रोगांवर पाळत ठेवणे, साथीचा शोध, लोकांपर्यंत पोहोचणे, चाचणी, रुग्ण हुडकणे, पुढे पाठवून पाठपुरावा करणे, शिकवणे, समुपदेशन, वस्तीला संघटित करणे, लोकांची बाजू मांडणे, थेट धोरण घडवण्यापर्यंत. डॉक्टरांच्या आदेशानुसार औषध किंवा लस देणे हे या सतरांपैकी एक. यातले प्रत्येक काम व्यक्ती व कुटुंब, समाज आणि व्यवस्था अशा तीन पातळ्यांवर करता येते. म्हणजे सुई हेच सिस्टरचे काम मानणारा माणूस सतरांतले एक काम पाहतो, आणि तेही एकाच पातळीवर.

आता हे साकोलीच्या मातीत उतरवून पाहू. पूर्व विदर्भात सिकलसेल हा परिचयाचा आजार आहे आणि भंडारा जिल्हा त्याच्या पट्ट्यात येतो. हा फक्त आदिवासींचा आजार आहे असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात विदर्भात तो अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गीय समाजांतही आढळतो, त्यामुळे ठरावीक टोल्यांपुरतीच तपासणी केली तर रुग्ण निसटतात. गावपातळीवरची पहिली चाचणी साधी असते. बोटातून घेतलेले थोडे रक्त एका द्रावणात मिसळायचे, काही मिनिटे थांबायचे आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर नमुना निगेटिव्ह, द्रावण गढूळ होऊन रेघा लपल्या तर पॉझिटिव्ह. इथेच दुसरा गैरसमज उभा राहतो, की पॉझिटिव्ह म्हणजे रोगी. ही चाचणी वाहक आणि रुग्ण यांत फरक करू शकत नाही. तो फरक इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या तपासणीतून कळतो. वाहक माणूस सहसा निरोगी आयुष्य जगतो. मात्र आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. 'पहिले मूल आजारी झाले, आता पुढची तीन सुटली' असा हिशेब घरात मांडला जातो आणि तो साफ चुकीचा आहे. दर खेपेला शक्यता नव्याने तेवढीच राहते.

रेघा लपल्या त्या क्षणी चाचणी संपते आणि परिचर्या सुरू होते. नमुना पक्क्या तपासणीला गेला का, निकाल घरी पोहोचला का, तो घरच्यांना कळेल अशा शब्दांत सांगितला गेला का, हे पाहणे तिचे काम. भावंडांची तपासणी, लग्न जमवण्याआधीचे समुपदेशन, पहिल्या तिमाहीतच गरोदर बाईची आणि ती पॉझिटिव्ह आली तर नवऱ्याचीही चाचणी, रुग्णाला हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या सलग मिळतात का आणि त्यासाठी लागणारी रक्ततपासणी होते का, हे सगळे त्याच कामात येते. शिवाय हा धानाचा मुलूख आहे. रोवणीच्या दिवसांत माणसे तासन्‌तास बांधीतल्या चिखलात, पावसात वाकून उभी असतात. अतिश्रम, थंडी आणि शरीरातले पाणी कमी होणे, या तिन्ही गोष्टी सिकलसेलच्या रुग्णाला तीव्र वेदनेचा झटका आणू शकतात. म्हणून रोवणीपूर्वी रुग्णांच्या घरी जाणे, मजुरीवर नेणाऱ्याशी बोलणे आणि अंग फार दुखू लागले तर कुठे जायचे हे आधीच ठरवणे, हे औषधाइतकेच महत्त्वाचे ठरते. आपली काळजी माणूस स्वतः किती घेऊ शकतो आणि कुठे कमी पडतो, हे पाहायला डोरोथिआ ओरेम यांचा स्व-काळजीचा सिद्धांत शिकवतो. परीक्षेत तो पाच गुणांसाठी लिहिला जातो. त्याचा खरा उपयोग अशा घराच्या ओसरीवर आहे.

यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो वजनदार आहे. मिनेसोटाची चौकट इथे कशाला? तिथल्या परिचारिकेकडे गाडी आहे, संगणक आहे. आपल्या उपकेंद्राचा निकष सपाट भागात 5,000 आणि आदिवासी किंवा डोंगराळ भागात 3,000 लोकसंख्येचा, त्यात पदे रिकामी, त्यात ऑनलाइन नोंदींचा भार. आक्षेपातला अर्धा भाग मान्यच करावा लागतो: कोणतीही चौकट मनुष्यबळाची जागा घेऊ शकत नाही, आणि चौकट शिकवून रिक्त पदे झाकण्याचा प्रयत्न झाला तर तो हाणून पाडायला हवा. पण उरलेला अर्धा भाग टिकत नाही. वेळ भरपूर असेल तर सगळेच करता येते. वेळ कमी असतो तेव्हाच आधी काय आणि कोणाकडे, हे ठरवावे लागते, आणि ते ठरवायला चौकट लागते. ती नसली तर प्राधान्य आपोआप त्या कामाला मिळते ज्याचा अहवाल आज संध्याकाळी मागितला आहे.

हत्तीरोगाच्या सामुदायिक औषधोपचार मोहिमेत हे नेमके दिसते. मोहिमेचा हिशेब वाटलेल्या गोळ्यांवर ठेवला तर घरी देऊन पुढे जाता येते, आणि गोळ्या फळीवर पडून राहतात. म्हणून समोर गिळायला लावण्याचा नियम आहे. पण 'मला काही झालेलं नाही, मी गोळी का खाऊ?' हा प्रश्न नियमाने सुटत नाही. हत्तीरोगाचे जंतू वर्षानुवर्षे लक्षणांवाचून अंगात राहतात, आणि निरोगी दिसणाऱ्या माणसाकडूनच डासांमार्फत पसरतात. गोळ्या खाल्ल्यावर काहींना येणारा ताप किंवा चक्कर बहुधा मरणाऱ्या जंतूंमुळे असते. दोन वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना या गोळ्या द्यायच्या नाहीत. हे मोहिमेच्या आधी गावात बोलणे म्हणजे शिक्षण, सरपंच आणि बचत गटाला सोबत घेणे म्हणजे संघटन, आणि दोन दिवसांनी परत फिरून कोणाला त्रास झाला ते पाहणे म्हणजे पाठपुरावा. सतरांतली तीन कामे झाली, तरच चौथे म्हणजे गोळी देणे सार्थकी लागते.

भूमिकांचा गोंधळ हाही मोठा आहे, पण तो थोडक्यात सुटतो. आशाताई ही 2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आलेली गावातलीच कार्यकर्ती आहे, परिचारिका नव्हे. आरोग्यसेविका म्हणजे एएनएम, नोंदणीकृत आणि प्रसूती-बालसंगोपनात प्रशिक्षित. तिच्या कामावर देखरेख आरोग्य सहाय्यिका ठेवते. 2018 नंतर उपकेंद्रांत आलेले समुदाय आरोग्य अधिकारी हे बीएस्सी नर्सिंग, जीएनएम किंवा बीएएमएस झालेले असतात. या सगळ्यांना गावात 'मॅडम' म्हणतात आणि सगळ्यांकडून एकच अपेक्षा ठेवतात. मग एकीचे राहिलेले काम दुसरीच्या माथी येते. तसेच, 'भारतीय सार्वजनिक आरोग्य मानके आहेत ना, मग वेगळी चौकट कशाला?' असेही विचारले जाते. ती मानके उपकेंद्रात कोणती पदे, कोणती औषधे, कोणत्या सेवा असाव्यात हे सांगतात. दार उघडल्यावर परिचारिकेने वस्तीकडे कसे पाहावे, हे सांगणे त्यांच्या आवाक्यातले नाही.

'हे सगळे कागदावर ठीक, पण फरक पडतो का?' या प्रश्नाचे उत्तर जवळच्या गडचिरोलीत आहे. डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंत तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्के घट दिसली. हे काम गावातल्याच प्रशिक्षित स्त्रियांनी केले होते, परिचारिकांनी नव्हे, हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवे. तेव्हा परिचारिकांची गरजच काय, असा उलटा निष्कर्षही काढला जातो. तो चुकीचा आहे. त्या प्रयोगात कोणत्या दिवशी जायचे, काय पाहायचे, कोणते लक्षण दिसले की काय करायचे आणि देखरेख कोणी करायची, हे आखीव होते. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते, त्यामागे तीच आखणी आहे. आशाताईला शिकवायला, तिने हेरलेले बाळ तपासायला आणि साकोलीच्या उपजिल्हा रुग्णालयापर्यंत पोहोचवून परत घरी त्याची चौकशी करायला परिचारिकाच लागते.

शिक्षणाच्या बाजूनेही हालचाल झाली आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या 2021 च्या सुधारित बीएस्सी नर्सिंग अभ्यासक्रमात समुदाय आरोग्य परिचर्या दोन सत्रांत शिकवली जाते आणि समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला लागणारी कौशल्ये त्यातच गुंफली आहेत. तरी विद्यार्थिनींत 'कम्युनिटी पोस्टिंग' म्हणजे वॉर्डातून सुटका, हलके दिवस, असा समज आढळतो. वॉर्डात चूक झाली तर ती त्याच पाळीत दिसते. वस्तीत चुकलेली गोष्ट कधी पुढच्या पिढीत दिसते. म्हणून ते काम अवघड आहे. नकाशा काढून, वीस घरांची पाहणी करून फाईल सजवायची आणि गुण मिळवायचे, एवढ्यावर पोस्टिंग संपले तर चौकट वहीतच राहते. त्या वीस घरांत जे आढळले ते गावाला सांगून यायचे, हा नियम प्रत्येक नर्सिंग शाळेने आजच करावा. त्याला नवा निधी लागत नाही.

आणि गावानेही आपला वाटा उचलावा. प्रत्येक गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आहे, तिच्याकडे वर्षाला 10,000 रुपयांपर्यंतचा अबंधित निधी येतो. साकोली तालुक्यातल्या समित्यांनी रोवणीआधीच्या बैठकीला सिस्टरला बोलवावे आणि किती सुया दिल्या हे विचारण्याऐवजी तीन गोष्टी विचाराव्यात: गावात सिकलसेलच्या पक्क्या तपासणीचे निकाल कोणाचे यायचे राहिले, औषध कोणाचे तुटले, आणि यासाठी समितीने काय करायला हवे.