दाराची मूठ आणि खारा वारा

पालघर जिल्ह्याच्या किनारपट्टीवर, म्हणजे केळवे-माहीमपासून सातपाटी, मुरबे, नवापूर, दांडी यांच्यावरून थेट तारापूर-चिंचणीपर्यंतच्या गावांत, दाराची मूठ जितक्या लवकर नादुरुस्त होते तितक्या लवकर ती पुण्यास अथवा नाशकास होत नाही, असे माझे जुने मत आहे. आणि ज्या अर्थी बोईसर स्टेशनच्या परिसरातील हार्डवेअरचे दुकानदार, जे एरवी गिऱ्हाइकाच्या कोणत्याही मतास सहसा रुकार देत नाहीत, तेही या एका मुद्द्यावर मान डोलवितात, त्या अर्थी ते निव्वळ छंदिष्टाच्या कल्पनेतून निघालेले नसावे. छंद मात्र आहे, हे नाकबूल करण्यात अर्थ नाही. ज्या घरी पाहुणा म्हणून जावे, तेथे दिवाणखान्यातील तसबिरींकडे न पाहता दाराची मूठ दाबून तिचा जोर अजमावणारा गृहस्थ यजमानीणबाईंस चमत्कारिक वाटणे स्वाभाविक आहे. तथापि या सवयीमुळे समुद्रालगतची दारे आणि काही कोस आत वसलेल्या पालघर-बोईसरची दारे मला शेजारीशेजारी ठेवून पाहावीत तशी पाहावयास मिळाली. त्या निरीक्षणाचा निष्कर्ष असा की, मूठ स्वतःच्या दोषाने क्वचितच मरते. तिला मारणारे दोघे : एक खाली आलेले दार आणि दुसरी खारी हवा.

इतिहासाचा शिरस्ता पाळावयाचा म्हणून तो येथेच उरकून घेतो. आपल्या जुन्या घरांत फिरती मूठ नव्हतीच. कडी, कोयंडा, साखळी आणि रात्री आतून आडवा सरकवावयाचा लाकडी अडसर एवढ्यावर दाराचा बंदोबस्त भागत असे. अर्देशीर गोदरेज यांनी 1897 साली मुंबईत लालबाग येथे कुलपांचा कारखाना काढला. दाराच्या जाडीत खोबण पाडून बसविलेले कुलूप आणि त्यावरची दोन्ही बाजूंनी चालणारी मूठ ही रचना बंगल्यांतून फ्लॅटांत पोचली. पुढे मुठींसाठी ‘आयएस 208’ आणि खोबणीच्या कुलपांसाठी ‘आयएस 2209’ अशी भारतीय मानके ठरली. आणि लुडविग विट्गेनश्टाइन या तत्त्वज्ञाने 1926 ते 1928 या काळात व्हिएन्नात बहिणीसाठी उभारलेल्या घराच्या मुठी स्वतः आखल्या, ही हकीकत मी केवळ एवढ्यासाठी नमूद करतो की, या विषयात डोके घालणारा मी पहिलाच विक्षिप्त नव्हे. इतिहास संपला.

मूठ बिघडली की पहिले काम स्क्रू ड्रायव्हर शोधण्याचे नसून दार उघडे ठेवून मूठ दाबून पाहण्याचे आहे. दार उघडे असता लॅचची जीभ पुरती आत जात असेल आणि मूठ सोडल्याबरोबर बाहेर येत असेल, पण दार लावले की तीच जीभ अडखळत असेल, तर मूठ निर्दोष समजून चौकटीकडे आणि बिजागऱ्यांकडे वळावे. मूठ खाली लोंबते, परंतु हाताने वर धरली असता काम नीट करते, अशी स्थिती असेल तर मुठीतली किंवा कुलपाच्या पेटीतली स्प्रिंग थकली अथवा तुटली. मूठ नुसतीच फिरते आणि जीभ जागची हलत नाही, तर दोन्ही बाजूंच्या मुठींना दारातून जोडणारी चौकोनी सळई, जिला दुकानात स्पिंडल म्हणतात, तिच्या कडा झिजल्या, किंवा मुठीच्या मानेखाली दडलेला बिनडोक्याचा बारीक स्क्रू सैल झाला. ॲलन चावीच्या अर्ध्या फेऱ्याने बरे होणाऱ्या या शेवटच्या दुखण्यासाठी मुठींचा अख्खा जोड बदलणारी कुटुंबे मी पाहिली आहेत, आणि त्यांना तसा सल्ला देणारे कारागीरही. न्हाणीघरात मनुष्य आत असताना मूठ हातात निघून आली, तर घाबरून दार ठोठावण्यापेक्षा उघड्या पडलेल्या स्पिंडलला पक्कड लावून फिरवावी, दार उघडते. सबब न्हाणीघराच्या फळीवर एक जुनी पक्कड पडू द्यावी, असे मी सर्वांस सांगतो व कोणीही ऐकत नाही.

बोईसरच्या एका वृद्ध सुतारांचे काम पाहत मी पुष्कळदा उभा राहिलो आहे. गिऱ्हाईक मुठीची कैफियत सांगू लागले की ते मुठीकडे पाहतच नाहीत. दाराचे पान दोन्ही हातांनी धरून किंचित वर उचलतात आणि वरच्या बिजागरीकडे बोट दाखवून म्हणतात, ‘साहेब, ताप हिला आहे, तुम्ही काढा मुठीला पाजताय.’ त्यांची परीक्षा करण्याची रीत मला फार आवडते. देवघरातले चिमूटभर कुंकू तेलात कालवून ते लॅचच्या जिभेला फासतात, दार एकदा लावून उघडतात, आणि चौकटीवरच्या पट्टीवर तांबडी खूण कोठे उमटली ते पाहतात. खूण छिद्राच्या खालच्या कडेवर असली, तर पान खाली आले आहे आणि वरच्या बिजागरीचे स्क्रू लाकडात धरत नाहीत, असा निर्णय होतो. मग स्क्रू काढून, भोकात फेव्हिकॉल लावलेल्या बांबूच्या कामट्या ठोकून, दुसऱ्या दिवशी त्यांतच स्क्रू पुन्हा पिळावयाचे. बरेच जण कामट्यांऐवजी आगपेटीच्या काड्या कोंबतात, परंतु ते लाकूड मऊ. बांबूचा तंतू स्क्रूच्या आट्यास जो आधार देतो तो काडी देत नाही. पान जागेवर आले की जी मूठ काल रुसलेली होती ती निमूटपणे चालू लागते.

पावसाळ्यात या प्रकरणास निराळे वळण लागते. लाकूड बाष्प शोषून फुगते ते लांबीत जवळजवळ नाहीच, रुंदीत फुगते. यामुळे आषाढात दार चौकटीत घट्ट बसते, घरची मंडळी मुठीला धरून ते ओढू लागतात, आणि जी वस्तू केवळ जीभ आत घेण्यासाठी घडविलेली आहे तिच्यावर अख्ख्या पानाचा भार पडतो. पुष्कळ मुठी अशा ओढाताणीत मोडतात. अशा वेळी रंधा मारण्याचा मोह होतो, पण भर पावसात दार रंधणे मला नापसंत आहे. मार्गशीर्षात तेच पान आकसते आणि फटीतून वारा शीळ घालू लागतो. तूर्त पट्टीचे छिद्र कानशीने थोडे वाढवून निभावून न्यावे, पान ओढण्यासाठी वेगळी स्थिर मूठ बसवावी, आणि हिवाळ्यात लाकूड सुकल्यावर पानाची वरची आणि खालची कड, जिथे रंगाऱ्याचा हात सहसा पोचत नाही, ती रंगवून बंद करावी. पाणी शिरते ते मुख्यतः तेथूनच.

इथवरचा भाग कोणत्याही गावी लागू पडेल. आमच्या किनाऱ्याचा खरा विषय धातूंचा आहे आणि तेथे लेखणी आवरणे मला कठीण जाते. लाटा फुटतात तेव्हा मिठाच्या पाण्याचे सूक्ष्म तुषार वाऱ्याबरोबर आत येतात. समुद्रापासून जसजसे दूर जावे तसतसे त्यांचे प्रमाण झपाट्याने उतरते, म्हणून चिंचणीच्या समुद्राभिमुख ओसरीवरची मूठ आणि बोईसरच्या तिसऱ्या मजल्यावरची मूठ एकाच पेटीतून आलेल्या असल्या तरी त्यांचे आयुर्मान एक नसते. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवते. त्यामुळे पाऊस नसतानाही मुठीवर एक अदृश्य ओला पापुद्रा राहतो आणि गंजाचे काम रात्रंदिवस चालते. यातली मौज अशी की, जी बाजू पावसाने धुतली जाते ती कमी खराब होते. किनाऱ्यावरील कोणत्याही घरी बाहेरच्या मुठीच्या खालच्या अंगावरून बोट फिरवावे : खरखर लागते ती तेथे, कारण मीठ तेथे साचते आणि धुतले जात नाही. आठवड्यातून एकदा गोड्या पाण्यात पिळलेले फडके मुठीच्या खालून फिरविणे हा याचा बिनखर्ची इलाज होय.

बाजारातील चकचकीत स्वस्त मुठी बहुतांशी जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतीव असतात आणि त्यांवर क्रोमचा मुलामा असतो. तो क्रोमचा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. त्यातल्या एखाद्या अतिसूक्ष्म छिद्रातून खारा ओलावा आत गेला की खालचे जस्त पांढऱ्या भुकटीच्या रूपाने वर येऊ लागते, मुलाम्यास फोड येतात, पापुद्रे निघतात, आणि अखेरीस ठिसूळ झालेली मूठ नेमकी मानेपाशी तुटते. समुद्राच्या दृष्टिपथात असलेल्या दारास अशी मूठ लावणे हा मी अपव्यय समजतो. रासायनिक कारखान्यांच्या जवळ आम्लाच्या वाफांची भर पडते; तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील प्रदूषणाविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली ती खाडी, समुद्र आणि मासेमारीच्या नुकसानीबद्दल; दारांच्या मुठींची फिर्याद कोणी नेलेली नाही, तरी त्या साक्षीदार म्हणून उभ्या राहू शकतील.

स्टेनलेसची कथा अधिक फसवी आहे. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवितो, चुंबक चिकटत नाही, आणि गिऱ्हाईक संतुष्ट होऊन पैसे मोजते. परंतु ‘202’ या स्वस्त जातीत महाग निकेलचा बराचसा भाग मँगनीजने भरून काढलेला असतो आणि तीही जात बहुधा चुंबकास दाद देत नाही. अर्थात ही परीक्षा ‘202’ आणि ‘304’ यांत निवाडा करू शकत नाही. ‘304’ मध्ये सुमारे 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असते, आणि ‘316’ मध्ये त्याखेरीज दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम, जे मिठाच्या माऱ्यापुढे टिकाव धरण्यास उपयोगी पडते. पालघर शहरात ‘304’ पुरे. सातपाटीत घर समुद्रास लागून असेल तर ‘316’ मागावे, आणि ते न मिळाल्यास पितळेकडे वळावे.

पितळेविषयी मी निःपक्षपाती नाही. माहीमच्या एका जुन्या घरात सागवानी दारावरची पितळी कडी पाहण्यासाठी मला मुद्दाम नेण्यात आले होते; चिंचेने आणि राखेने घासून घासून तिच्यावरची नक्षी पुसट झाली होती, पण धातू शाबूत होता. पितळ हिरवे पडते, काळे पडते, कधी त्यातले जस्त निघून जाऊन तांबूस ठिपके दिसतात. तरीही त्याचा बिघाड वरून कळतो, मुलाम्याखाली लपत नाही. 2020 साली करोनाच्या विषाणूवर झालेल्या प्रयोगांत तो तांब्यावर चार तासांनंतर जिवंत आढळला नाही आणि स्टेनलेसवर दोन-तीन दिवसांपर्यंत आढळला, तेव्हा तांब्याच्या या मिश्रधातूचे चाहते काही काळ मान ताठ करून वावरले.

एक शत्रू मात्र पितळेस खराखुरा आहे, आणि त्याचा शोध आपल्याच पावसाळ्याने लावून दिला. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातील इंग्रजी फौजेच्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या पावसाळ्यात साठवणीतच आपोआप चिरफाळत. लष्करी दप्तरास त्याचा उलगडा होईना. 1921 साली इंग्लंडातील संशोधकांनी दाखवून दिले की, घडविताना पितळेत राहिलेला ताण आणि हवेतील अमोनिया हे दोन एकत्र आले म्हणजे असे घडते. अमोनिया येत होता तो घोड्यांच्या पागेतून, जनावरांच्या मुतापासून. यास्तव गोठ्याच्या दारास पितळी कडी लावू नये, लोखंडी लावावी. आणि ताण व गंज यांची ही युती केवळ पितळेपुरती नाही. तारापूरचे अणुविद्युत केंद्र, देशातील पहिले, 1969 साली सुरू झाले. त्याच्या जातीच्या उकळत्या पाण्याच्या अणुभट्ट्यांत, जगभर, स्टेनलेसच्या नळ्यांना सांध्यांजवळ याच युतीने बारीक चिरा पडल्याचे आढळले आहे. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या 2020 पासून दीर्घकाळ बंद राहिल्या, त्या पाण्याच्या पुनरभिसरणाच्या नळ्या बदलण्यासाठी. मुठीच्या डागडुजीस क्षुद्र समजणाऱ्या माझ्या एका अभियंता मित्रास मी हे ऐकविले, तेव्हा त्याने विषय बदलला.

नवी मूठ घ्यावयाची झाल्यास जुनी काढून सोबत न्यावी, हे उत्तम. तसे शक्य नसेल तर मुठीच्या पट्टीची लांबी, स्पिंडलच्या मध्यापासून चावीच्या भोकाच्या मध्यापर्यंतचे अंतर, स्पिंडलची बाजू (ती बहुधा 8 मिलिमीटर असते) आणि दाराची जाडी एवढा तपशील कागदावर लिहून न्यावा. यातले मधले अंतर चुकले की दारात नवी भोके पाडावी लागतात आणि जुनी उघडी राहतात. कुलपात खोबरेल सोडण्याची आपल्याकडील वहिवाट मोडावी. ते कालांतराने चिकट होते आणि धूळ धरते. पेन्सिलीच्या शिशाची भुकटी फुंकून आत घालावी.

शेवटचा मुद्दा स्क्रूंचा. पितळी मुठीस लोखंडी स्क्रू लावले तर खाऱ्या ओलाव्यात दोन धातूंची जी झुंज लागते तीत लोखंड आधी खलास होते; काही पावसाळ्यांनंतर स्क्रूचे डोके झडते आणि धड लाकडातच अडकून राहते. म्हणून पितळेस पितळीच स्क्रू हवेत. पण पितळ मऊ असल्यामुळे ते थेट सागात पिळले तर मध्येच मोडतात. आधी बारीक गिरमिटाने भोक पाडावे, त्यात त्याच मापाचा पोलादी स्क्रू एकदा पिळून आटे पाडून घ्यावेत, तो काढून टाकावा, आणि मग पितळी स्क्रूला मेण किंवा साबण चोळून हलक्या हाताने बसवावा. घर पाडणारे कंत्राटदार जुन्या पितळी मुठी आणि कड्या भंगारवाल्यास वजनावर घालतात. तिथे त्या पिंपातून निवडून घेता येतात, मात्र स्पिंडल त्यांच्यासोबत असतेच असे नाही, आणि जुन्या इंची मापाची ती सळई हल्ली सहजी मिळत नसल्याने आठ मिलिमीटरची सळई कानशीने घासून बसवावी लागते. बोईसरचे सुतार हे काम एका दुपारात करून देतात, पण आधी बिजागरी पाहूनच.