आधी नाक, मग चाप

आमच्या स्वयंपाकघराचं काम निघालं होतं. ट्रॉल्यांचे डबे उभे राहिले होते आणि शटरच्या कडांना सागाची पट्टी लावणं चाललं होतं. मिस्त्री पट्टीला फेविकॉल लावायचे, डाव्या हाताने ती प्लायच्या कडेवर दाबून धरायचे आणि उजव्या हातातली पिन गन टेकवून ‘टॅक’. वीतभर पुढे सरकून पुन्हा ‘टॅक’. मी चहा घेऊन गेले तेव्हा त्यांच्या डाव्या तर्जनीकडे लक्ष गेलं. मधल्या सांध्यापाशी एक पांढुरका ठिपका होता, आणि कप धरताना ते बोट इतर बोटांबरोबर मिटत नव्हतं.

“हातोडी बसली होती का, दादा?”

“नाही ताई. तीस एमएमची पिन. आतल्या आत वळून प्लायच्या बाहेर आली, ती थेट सांध्यात.” मग जरा थांबून म्हणाले, “गन मी नीटच धरली होती.”

त्यांचं हे शेवटचं वाक्य खरं होतं, याबद्दल मला शंका नाही. म्हणूनच ते मनातून जाईना. माणूस अनुभवी, गन सरळ धरलेली, लक्ष कामावर, तरीही बोट कायमचं अधू झालं. मग चुकलं कुठे?

माझे आजोबा सुतार होते. त्यांच्याकडे पटाशी, रंधा, गुण्या आणि दांडा झिजलेली हातोडी होती. हातोडीने खिळा ठोकताना चार-पाच घाव बसतात, आणि प्रत्येक घावाला लाकूड काहीतरी कळवत असतं. गाठ लागली की आवाज बदलतो. खिळा वाकायला लागला की तो डोळ्यांना दिसतो, थांबता येतं, पकडीने उपटून पुन्हा लावता येतो. घाव चुकलाच तर नख काळंनिळं होतं, आठ दिवस ठणकतं आणि हात शहाणा होतो. हवेच्या गनमध्ये हा मधला सगळा वेळच काढून टाकलेला आहे. चाप ओढला की खिळा आत गेलेला असतो. तो कुठल्या दिशेने गेला, हे नंतर कळतं.

आत काय घडतं ते पाहू. कॉम्प्रेसरमधून पाइपाने आलेली हवा गनच्या मुठीत आणि डोक्यात दाबाखाली भरून राहते. पिन गनला साधारण पाच-सहा किलो दाब पुरतो, मोठ्या खिळ्यांच्या गनला त्याहून जास्त लागतो. चाप ओढला की वरचा व्हॉल्व्ह उघडतो आणि ती सगळी हवा एकदम दट्ट्यावर कोसळते. दट्ट्याला खाली पोलादाची पट्टी जोडलेली असते. ती मॅगझिनमधल्या सगळ्यांत पुढच्या खिळ्याच्या डोक्यावर आदळते आणि खिळा एकाच फटक्यात लाकडात जातो. डोळ्याची पापणी लवायच्या आत हे संपतं. दट्ट्या परत वर जातो, पुढचा खिळा सरकून जागेवर येतो. गन पुन्हा भरलेली असते, आणि त्यासाठी हात काहीच करत नाही.

आता मिस्त्रींच्या बोटाकडे येऊ. १८ गेजची पिन म्हणजे जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीची तार. प्लाय म्हणजे एकमेकींना आडव्या चिकटवलेल्या पातळ पापुद्र्यांची थप्पी. त्यात मध्येच गाठ, पोकळी, डिंकाचा कडक थर किंवा आधी मारलेली पिन असू शकते. बारीक तार जोरात आत शिरते, कडक जागेला अडते आणि वाट सोडते. पापुद्र्यांच्या मधून सरकत ती एका बाजूने बाहेर पडते. बाहेरून पाहणाऱ्याला गन अगदी काटकोनात दिसते. म्हणजे गन सरळ धरली म्हणून खिळा सरळ जाईलच, याची हमी कोणी देऊ शकत नाही. खिळा लाकडात असेपर्यंत तो कुठेही जाऊ शकतो असं धरूनच दुसऱ्या हाताची जागा ठरवायला हवी. सुरक्षेच्या पुस्तकांत हे अंतर १२ इंच दिलेलं असतं, म्हणजे फूटभर. पट्टी लावताना फूटभर अंतर जमत नाही, असं सगळे सांगतात. जमत नसेल तर पट्टी हाताने धरायचीच नाही. क्लॅम्प लावा, चिकटपट्टी ताणून बसवा, दोन जागी आधी बारीक चुका हातोडीने ठोका. मिस्त्री आता मास्किंग टेप वापरतात. एका शटरला दोन मिनिटं जास्त जातात, असं त्यांनीच सांगितलं.

पण दुसऱ्या हातापेक्षाही मोठा प्रश्न चापाचा आहे, आणि गन विकत घेताना त्याबद्दल कुणी विचारत नाही. किंमत विचारतात, वजन विचारतात, किती एमएमपर्यंत पिन बसते ते विचारतात.

बहुतेक गनच्या तोंडाशी एक सरकणारं नाक असतं. ते लाकडावर दाबलं गेल्याशिवाय गन सुटत नाही. खरा प्रश्न क्रमाचा आहे. एका प्रकारात आधी नाक दाबायचं आणि मग चाप ओढायचा. पुढच्या खिळ्याला दोन्ही सोडून पुन्हा पहिल्यापासून. क्रम उलटा झाला तर खिळा निघतच नाही. दुसऱ्या प्रकारात चाप ओढून ठेवायचा आणि गन नुसती आपटत जायची. जिथे नाक टेकेल तिथे खिळा. फळ्यांवर फळ्या ठोकायच्या असतील तर हे वेगवान वाटतं. पण चापावर बोट ठेवून वळताना तीच गन मांडीला, गुडघ्याला किंवा शेजारी वाकलेल्या पोराच्या खांद्याला टेकली, तरी तिला फरक कळत नाही. शिवाय ती धक्का देऊन मागे उसळते आणि हाताने दाब धरलेला असल्याने पुन्हा खाली येते. नाक दुसऱ्यांदा टेकलं की न मागितलेला दुसरा खिळा निघतो. पहिल्या खिळ्याच्या डोक्यावर तो आदळला तर कुठे उडेल, सांगता येत नाही.

यावर अमेरिकेत बराच अभ्यास झालाय. तिकडे घरंच लाकडाच्या सांगाड्याची असतात आणि खिळ्यांच्या गनशिवाय त्यांचं पान हलत नाही. २००१ ते २००५ या काळात तिथे दरवर्षी सरासरी ३७,००० माणसं या गनच्या जखमा घेऊन रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत पोचत होती. शिकाऊ सुतारांच्या पाहणीत दिसलं की कामाच्या पहिल्या ४ वर्षांत पाचातल्या दोघांना या गनने इजा झाली होती, आणि दहातल्या एकाला तीन किंवा जास्त वेळा. अर्ध्याहून जास्त जखमा हात आणि बोटांच्या होत्या. आपटत जाणाऱ्या चापाच्या गनचा धोका क्रम पाळणाऱ्या गनच्या दुप्पट निघाला. या सगळ्यावरून तिथल्या सरकारी संस्थांनी २०११मध्ये बांधकाम कंत्राटदारांसाठी मार्गदर्शिका काढली आणि तिचा पहिला सल्ला होता: क्रम पाळणारा चाप वापरा.

‘पण वेग?’ हा प्रश्न तिथेही आला. म्हणून १० अनुभवी कारागिरांना सारख्याच दोन छोट्या शेड बांधायला दिल्या, एक या चापाने आणि एक त्या चापाने. आपटत जाणाऱ्या गनने खिळे मारण्याचा वेळ सरासरी १० टक्क्यांनी वाचला. पण अख्खी शेड उभारायला लागणाऱ्या वेळात ती बचत १ टक्क्याहून कमी भरली. कुठला चाप, यापेक्षा कुठला कारागीर, याने जास्त फरक पडला. हे वाचल्यावर मला मिस्त्रींचं मिटत नसलेलं बोट आठवलं. त्यांच्या लहानशा पिन गनला तर नाकाची सेफ्टीच नव्हती, नुसता चाप होता. बाजारातल्या बऱ्याच स्वस्त, बारीक पिनांच्या गन तशाच येतात.

मोठ्या गन पाहायच्या म्हणून मी चाकणच्या बाजूला एका पॅलेटच्या शेडमध्ये गेले. गाड्यांचे सुटे भाग परदेशी पाठवायला लागणारे लाकडी पॅलेट तिथे बनतात. फळ्या पाइनच्या, आणि खिळे तारेने जोडलेल्या गुंडाळीत, एका गुंडाळीत अडीच-तीनशे. पोरं वाकून सलग ठोकत होती, आणि आवाज असा की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. प्रत्येक फटक्याला दोन आवाज असतात, एक खिळा शिरल्याचा आणि लगेच वापरलेली हवा सुटल्याचा. कानात काही नव्हतं कुणाच्याच. एका गनचं नाक तारेने मागे बांधून ठेवलेलं दिसलं. मी विचारलं तर उत्तर आलं, “अडकतं ते सारखं.”

ते अडकतं, कारण त्यात डिंक, भुसा आणि गंज साचतो. रोज सकाळी हवेच्या तोंडातून दोन थेंब एअर टूलचं तेल आणि आठवड्याला नाकाची साफसफाई, एवढ्याने ते सुटतं. तारेने बांधलेली गन म्हणजे चाप ओढला की हवेतही खिळा फेकणारी गन. ती बाद करून बाजूला ठेवली पाहिजे, दुरुस्त होईपर्यंत कुणाच्या हाती देता कामा नये. याबाबतीत मी कुणाची अडचण ऐकून घ्यायला तयार नाही. शेडच्या मालकांना मी हे तिथेच सांगितलं. त्यांनी ती गन उचलून ऑफिसात नेली.

त्याच शेडमध्ये एक चांगली गोष्टही पाहिली. पॅलेटच्या मापाचा लोखंडी साचा केलेला होता. फळ्या त्यात पडल्या की जागच्या हलत नाहीत आणि धरायला हात लागत नाही. ज्या टेबलावर साचा होता तिथल्या पोराचा डावा हात मागे, कमरेवर होता.

आता एक बारीक गोष्ट, जी मला कुठल्याही दुकानदाराने सांगितली नाही. पाइप जोडायला दोन तुकडे असतात, निपल आणि कपलर. कपलरच्या आत झडप असते. पाइप काढला की ती बंद होते आणि हवा अडवते. म्हणून कपलर पाइपाच्या टोकाला हवा आणि गनला नेहमी उघडं निपल हवं. तसं असेल तर पाइप काढताच गनमधली उरलेली हवा ‘फुस्स’ करून निघून जाते. कुणी उलट बसवलं, तर पाइप काढल्यावरही गनच्या पोटात हवा कोंडून राहते. माणूस निर्धास्त होऊन अडकलेली पिन काढायला तोंडापाशी बोट घालतो आणि उरलेला एक फटका तिथेच बसतो. आपल्या गनवर काय आहे, हे आज पाहून घ्या. आणि अडकलेली पिन काढताना, शिडी चढताना, गन दुसऱ्याच्या हाती देताना, जेवायला जाताना, प्रत्येक वेळी पाइप आधी काढायचा.

जिथे गॅस वेल्डिंगही चालू असतं तिथे आणखी एक मोह होतो. कॉम्प्रेसर बंद पडला की कुणीतरी ऑक्सिजनच्या सिलिंडरला पाइप जोडू पाहतो. यात गन हातात फुटू शकते. गनमध्ये साध्या हवेशिवाय काहीही भरायचं नाही.

डोळ्यांसाठी नंबरचा चष्मा चालत नाही. त्याला बाजू नसतात आणि काच फुटते. आयएस ५९८३ छापलेला, बाजू झाकणारा गॉगल घ्यावा. गाठीला अडलेला खिळा किंवा गुंडाळीच्या तारेचा तुकडा उडतो तो नेमका चेहऱ्याच्या उंचीवर. गॉगल गन चालवणाऱ्याने घालायचाच, पण पलीकडून फळी धरणाऱ्या मदतनिसाने आधी घालायचा. त्याला फटका कधी बसणार हेही ठाऊक नसतं.

जखम झालीच तर? मिस्त्रींनी जे केलं ते बहुतेक जण करतात. पकडीने पिन ओढली, वर हळद दाबली, कापड गुंडाळलं आणि दुपारी पुन्हा काम. बाहेर टाचणीच्या टोकाएवढं भोक होतं. आत पिन सांध्यात गेली होती. तिसऱ्या दिवशी बोट सुजून लाल झालं, सरळ करता येईना, आणि मग शस्त्रक्रिया. खिळा आत रुतला असेल तर तो घरी ओढू नये. त्याला काटे किंवा डिंकाचं आवरण असू शकतं, जोडणीची तार किंवा प्लास्टिकचा तुकडा त्याच्याबरोबर आत गेलेला असू शकतो, आणि बाहेर ओढताना शिरा-नसा पुन्हा फाटतात. अंगठी असेल तर सूज येण्याआधी काढावी, खिळा हलणार नाही असं भोवतीने कापड बांधावं आणि एक्स-रे निघेल अशा रुग्णालयात जावं. धनुर्वाताचं इंजेक्शन विचारून घ्यावं. त्याच मॅगझिनमधला एक कोरा खिळा बरोबर न्यावा, म्हणजे आत काय आहे ते डॉक्टरांना हातात धरून पाहता येतं. डोळ्यात गेला असेल तर चोळू नये, धुऊ नये, दाबू नये. वरून कागदी कप उपडा ठेवून चिकटवावा आणि लगेच निघावं.

आमचं काम दिवाळीच्या आधी संपलं. शेवटच्या संध्याकाळी मिस्त्रींनी कॉम्प्रेसर बंद केला, पाइपाचा कपलर मागे ओढला आणि गन कानाशी नेऊन हवा संपूर्ण गेल्याचं ऐकलं. मॅगझिन उघडून उरलेल्या पिना तळहातावर घेतल्या, कागदात गुंडाळून खिशात टाकल्या. मग कॉम्प्रेसरच्या टाकीखालचा नळ सोडला. तांबूस, गंजाचं पाणी बाल्कनीच्या फरशीवर वाहत गेलं. ते स्वच्छ येईपर्यंत ते तिथेच उकिडवे बसून राहिले.