बाजेवरची केळी

सकाळी सात वाजता मावशी अंगणात आली की आधी कपडे वाळत घालायच्या सुंभाच्या दोरीला हात लावायची. दोरी ओलसर लागली, तर रात्री समुद्रावरून खारा वारा जास्त आलेला असायचा. मग केळी तासभर उशिरा बाहेर काढायची. कोरडी लागली तर लगेच. ऊन किती कडक आहे याच्याशी तिला फारसं देणंघेणं नव्हतं. एप्रिलमध्ये माहीमला ऊन असतंच. हवेत ओल किती, हा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर ती दोरीला विचारायची.

मी २० मार्च २०२०ला, शुक्रवारी, दोन दिवसांचे कपडे घेऊन तिच्याकडे आले होते. रविवारी जनता कर्फ्यू झाला, त्याच रात्रीपासून लोकल थांबल्या आणि पाडव्याच्या दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. डोंबिवलीचं माझं घर तिथेच राहिलं आणि मी जूनपर्यंत माहीमला.

हे माहीम पालघरचं, केळव्याच्या शेजारचं. मुंबईच्या माहीमशी त्याची गल्लत होते म्हणून पत्त्यावर लोक ‘केळवे-माहीम’ लिहितात. वि. का. राजवाड्यांनी १९२४ मध्ये छापलेल्या ‘महिकावतीच्या बखरी’मुळे इतिहासाच्या अभ्यासकांना हे नाव ठाऊक असतं. बाकीच्यांना ठाऊक असतात ती इथली विड्याची पानं, केळी आणि भाजी. वाडी करणारे ते वाडवळ, असं इथे सांगतात. वाडीतला माल पहाटेच्या गाडीने मुंबईला जाणार आणि संध्याकाळी पैसे घरात येणार, या एका रेघेवर किती घरं उभी आहेत, हे ती रेघ तुटेपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मावशीच्या घरात तीन ठिकाणांहून पैसा यायचा: वाडी, मावसभावाची तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतली नोकरी आणि वहिनीची शिलाई. पंधरा दिवसांत तिन्ही आटले. कंपनी बंद, पगार अर्धा, तोही कधी येईल याचा नेम नाही. लग्नसराई गेल्यामुळे ब्लाउज शिवायला कोणी येईना. माझंही तसंच. लिहिलेल्या लेखांचे पैसे अडकले आणि नवीन काम येईना.

शेजारच्या पानमळ्याची दशा सर्वांत वाईट होती. भाजी निदान जीवनावश्यक म्हणून टेम्पोने कुठेतरी पोचत होती. पानाच्या टपऱ्या मात्र देशभर बंद होत्या आणि एप्रिलच्या मध्याला सार्वजनिक ठिकाणी थुंकणं दंडनीय ठरवल्यावर विड्याच्या पानाला कोण विचारणार? पानवेलीचं दुखणं असं की पान वेळेवर खुडलं नाही तर ते जून होतं, आणि खुडायचं तर मजुरी द्यावी लागते. मावशीने त्यांच्याकडची थोडी पानं आणून बडीशेप, ओवा, सुकं खोबरं आणि गुलकंद घालून तांबूल कुटला. चांगला झाला होता. पण मळाभर पानांसमोर एक बरणी तांबूल म्हणजे काय! आपल्या हुशारीने सगळं तरून जातं असं वाटायला लागलं की मला ती बरणी आठवते. काही नुकसान असं असतं की घरातल्या कोणाच्याही कल्पकतेला ते पुरून उरतं.

केळ्यांचं तसं नव्हतं. केळं वाळतं.

वाडीच्या कडेला राजेळीची रांग होती. राजेळी म्हणजे लांब, कोनदार, जाड सालीचं केळं. कच्चं असताना भाजीला आणि वेफरला जातं. हॉटेलं बंद, वेफरवाले बंद. अकरा लोंगर तयार होऊन उभे होते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात काकांनी ते उतरवून ओटीवर ओळीने ठेवले आणि कोणाशी न बोलता आत जाऊन आडवे झाले. ती दुपार मला विसरता येत नाही. मावशी बराच वेळ त्या लोंगरांकडे बघत बसली आणि मग तिने आगाशीला फोन लावला.

आगाशीला काकांची आत्या दिलेली आहे. वय ऐंशीच्या पुढे. वसई तालुक्यातलं हे गाव सुकेळ्यांसाठी प्रसिद्ध. इंग्रजांच्या गॅझेटियरमध्येही तिथल्या सुक्या केळ्यांची तारीफ आहे. सुकेळं म्हणजे पिकलेलं राजेळी केळं उन्हात वाळवून टिकवलेलं. मधाच्या रंगाचं, चिवट, खजुराहून सौम्य. आमच्या माहीमच्या घरात मात्र ते कधी कोणी केलं नव्हतं. गरजच पडली नव्हती. ओलं केळं विकलं जात होतं.

आत्याबाईंनी पहिल्याच फोनवर काम वाटून दिलं. सगळं पिकवू नका, सांभाळता येणार नाही. सात लोंगर हिरवेच घ्या आणि पीठ करा. चार पिकायला घाला.

पिठाचं काम आधी निघालं. हिरव्या केळ्याचा चीक हाताला लागला की काळा पडतो आणि कपड्याला लागला की जन्मभर जात नाही. म्हणून आधी हातांना, विळीच्या पात्याला खोबरेल चोपडायचं. साल जाड काढायची नाही, पण हिरवी रेषाही ठेवायची नाही, नाहीतर पीठ तुरट होतं. सोललेलं केळं उघड्यावर ठेवलं की काळवंडतं. म्हणून चकत्या थेट मिठाच्या पाण्यात, त्यात थोडं ताक. दहा मिनिटांनी उपसून सुती साडीवर पसरायच्या, एकावर एक येऊ द्यायच्या नाहीत. पहिल्या दिवशी चकती वाकते, दुसऱ्या दिवशी कडा वळतात, तिसऱ्या दिवशी मोडली की काड्कन आवाज येतो. तो आवाज आला की जात्यावर.

गिरणी बंद नव्हती, पण दळणाचे पैसे वाचवायचे म्हणून माळ्यावरचं जातं खाली आलं. सालीसकट चार किलो केळ्यांचं जेमतेम किलोभर पीठ होतं. पहिल्यांदा हा हिशेब निघाला तेव्हा वहिनीचा चेहरा उतरला. मावशी म्हणाली, “पाणीच तर गेलं गो, केळं कुठे गेलं?” त्या पिठाची धिरडी झाली, थालिपीठं झाली, गूळ घालून लापशी झाली. तांदळाच्या पिठात तिसरा हिस्सा मिसळलं तर भाकरी मऊ राहते, हे वहिनीने चार भाकऱ्या फुकट घालवून शोधलं. सालींची खोबरं घालून भाजी झाली. केळफुलातल्या प्रत्येक फुलाचा कडक दांडा आणि पापुद्रा काढत आम्ही दुपारच्या दुपार बसलो. सोपटं गुरांपुढे गेली. खोडाच्या आतला पांढरा गाभा चिरताना बोटाला गुंडाळला जाणारा तंतू काकांनी वळून पाहिला, सुतळीसारखा. त्याचं पुढे काही झालं नाही, पण त्या दिवशी ते ओटीवर बसून होते.

पुढच्या वर्षी, जुलै २०२१ मध्ये, कर्नाटकात केळ्याचे भाव पडल्यावर बायकांनी घरोघर असंच पीठ केल्याचा उल्लेख पंतप्रधानांच्या ‘मन की बात’मध्ये आला. मावशीने ते ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारला तो असा: “त्या ताक घालतात का?”

खरी परीक्षा सुकेळ्यांची होती. पिठाला नुसतं ऊन पुरतं, सुकेळ्याला रोजची नजर लागते. लोंगर पेंढ्यात आणि गोणपाटात गुंडाळून कोठीच्या खोलीत ठेवले. पाचव्या दिवशी पिवळ्यावर काळे ठिपके आले. सोलायची वेळ ओळखण्याची खूण आत्याबाईंनी फोनवर सांगितली: अंगठा रुतला पाहिजे, पण साल फाटता कामा नये. त्याआधी सोललं तर सुकल्यावर लाकूड होतं. त्यानंतर सोललं तर चटईला चिकटून लगदा.

अंगणात सुंभाची बाज टाकली. तिच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या, मुंग्यांसाठी. बाजेवर बांबूची चटई, चटईवर सोललेली केळी बोटभर अंतराने, वर जुनी मच्छरदाणी. दुपारी बाराला प्रत्येक केळं उलटायचं. दिवस कलायच्या आत सगळी गोळा करून केळीचं पान घातलेल्या टोपलीत रचायची आणि सुती साडीने झाकायची. रात्रभर त्यांना घाम येतो. आतला रस बाहेर येऊन अंगाला लागतो. सकाळी तीच केळी चकचकीत, चिकट दिसतात. पुन्हा ऊन, पुन्हा घाम, असे सात दिवस.

पहिला घाणा फुकट गेला. दोन दिवस आभाळ भरून राहिलं, तिसऱ्या सकाळी टोपलीचं झाकण काढलं तर ताडीसारखा आंबूस वास. पांढरी बुरशी नीट बघितल्यावर दिसली. एक अख्खा लोंगर खतात गेला. त्या रात्री कोणी जेवताना बोललं नाही. काकांनी बंद पाडायला सांगितलं असतं तर सगळ्यांनी ऐकलं असतं, असं मला वाटतं. पण सकाळी मावशीने आत्याबाईंना खरं काय झालं ते सांगितलं. आत्याबाईंनी विचारलं, “चूल आहे का अजून?” मागच्या पडवीत होती, आंघोळीचं पाणी तापवायची. आभाळ असेल त्या रात्री विझत्या चुलीवर उंच तिपाई ठेवून तिच्यावर टोपली ठेवायची. ऊब लागली पाहिजे, धूर नाही. दुसऱ्या घाण्यापासून ती टोपली रोज रात्री चुलीपाशी असायची.

वहिनीची मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. शाळा बंद. तिने चित्रकलेच्या वहीत रोज संध्याकाळी एक केळं काढून त्या दिवसाचा रंग भरायला सुरुवात केली. पहिला दिवस फिकट साय. तिसरा तांबूस. पाचव्याला तिच्याकडे रंग नव्हता. तिने पिवळ्या खडूवर तपकिरी घासून तो केला. सातव्या दिवशी वही घेऊन बाजेपाशी बसून ती खडू केळ्याला लावून जुळवत होती. मावशी नंतर त्या वहीवरूनच ठरवायची: “कालच्याला पाचवा रंग आलाय, पण दिवस चौथाच. ऊन जास्त लागतंय, दुपारी झाका.” शाळेच्या वहीचा एवढा नेमका उपयोग मी पाहिलेला नाही.

साडेनऊ किलो सोललेल्या केळ्यांची तीन किलोला थोडी कमी सुकेळी झाली. ती हाताने चेपून, पाच-पाच एकत्र करून, केळीच्या वाळक्या पानात गुंडाळून सुतळीने बांधली. पालघरला भाजी नेणाऱ्या टेम्पोबरोबर पुड्या गेल्या. वहिनीने शिलाईच्या गिऱ्हाइकांना मोबाइलवर फोटो पाठवले. मेअखेर सगळा खर्च जाऊन साडेचार हजार रुपये घरात आले.

हा आकडा मी मुद्दाम लिहिते. नेहमीच्या उन्हाळ्यात वाडीतून पंधरवड्याला येणाऱ्या पैशाच्या तो निम्माही नव्हता. कठीण दिवसांत घरच्यांनी काय काय केलं याच्या गोष्टी सांगताना आपण हे गाळतो. १५ मार्च १९५९ला गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटले आणि ‘लिज्जत’ उभी राहिली, हे आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावंच. पण बहुतेक घरांत लिज्जत उभी राहत नाही. तिथे विजेचं बिल भरलं जातं. साडेचार हजारांतून आमचं विजेचं बिल भरलं, काकांची रक्तदाबाची औषधं आली आणि मुलीला खडूंची नवी पेटी.

मग सात माणसांनी दोन महिने एवढे कष्ट का केले? मी ते जवळून बघितलं, म्हणून सांगते. बातम्या रात्री नऊला लागायच्या आणि रोज आकडे वाढायचे. नोकरी कधी सुरू होईल, गाडी कधी सुटेल, याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. त्या घरात उद्याबद्दल ठामपणे बोलता येईल अशी एकच गोष्ट होती: उद्या दुपारी बाराला केळी उलटायची आहेत. भाऊ सुरुवातीला दहा-दहा वाजेपर्यंत उठायचा नाही. बाज उचलायला दोन माणसं लागतात म्हणून तो सातला उठू लागला. धीर धरा असं मावशी कोणाला म्हणाल्याचं मला आठवत नाही. ती हाक मारून काम सांगायची.

जूनच्या पहिल्या दिवसांत निसर्ग वादळाचे इशारे आले. पालघर किनाऱ्यालाही सावध केलं होतं. २ तारखेला दुपारीच आम्ही शेवटचा घाणा आत घेतला. पाचव्या दिवसाची केळी होती. चटई, मच्छरदाणी, वाट्या, सगळं पडवीत. रात्रभर टोपली चुलीपाशी, आळीपाळीने एकेकजण जागं. ३ जूनला वादळ खाली रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, दिवेआगरच्या नारळी-पोफळी झोपल्या. माहीमला पाऊस आणि सोसाट्याचा वारा यावर निभावलं. वाडीतल्या काही केळी मोडल्या. ती शेवटची सुकेळी उन्हाशिवाय, निव्वळ चुलीच्या उबेवर पुरी झाली. रंग जरा काळसर आला. वहीत तो रंग नाही.

पाऊस धरल्यावर एका सकाळी काका कुदळ घेऊन वाडीत गेले. मी चहा घेऊन गेले तर राजेळीच्या गड्ड्यांपाशी वाकून मुनवे वेगळे करत होते. तलवारीसारख्या अरुंद पानांचे निवडून बाजूला ठेवलेले, रुंद पानांचे टाकून दिलेले. विहिरीकडच्या बांधाला, जिथे इतकी वर्षं काही लावलं नव्हतं, तिथे खड्डे खणून तयार होते. मी मोजले. बारा होते. काकांनी चहा घेतला, मुनव्यांकडे बघितलं आणि मला म्हणाले, “मावशीला विचार, अजून चार लावू का?”