जप्तीतून वगळलेलं

माझी पुतणी पुण्याला कायद्याच्या चौथ्या वर्षाला आहे. दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे आली ती एक जाडजूड पुस्तक घेऊन. परीक्षेला तिनं विषय घेतलाय सशस्त्र संघर्षाचा कायदा. चकल्या तळता तळता आमच्या सौ.नी विचारलं, "अगं, मारायलाच निघालेल्यांना कसले आलेत नियम?" पुतणी हसली. म्हणाली, "काकू, पहिल्या दिवशी आम्हीही सरांना हेच विचारलं."

माझी हयात बँकेत गेली. छापील कागद दिसला की बारीक अक्षरातला मजकूर आधी वाचायचा, ही खोड निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. दुपारी पुस्तक उघडलं आणि १९४९च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराच्या अठराव्या कलमाशी थबकलो. युद्धकैद्याजवळचे पैसे अधिकाऱ्याच्या हुकुमाशिवाय काढून घेता येत नाहीत. घेतले, तर रजिस्टरात नोंद हवी, कैद्याला तपशीलवार पावती हवी आणि पावती देणाऱ्याचं नाव, हुद्दा, पथक वाचता येईल अशा अक्षरात हवं. त्याचे कपडे, जेवणाची भांडी, पदकं, केवळ आठवणीपोटी जपलेल्या वस्तू, यांना हात लावायचा नाही. पुढे चौसष्टाव्या कलमात तर प्रत्येक कैद्याच्या नावे खातं! म्हटलं, या कायद्याच्या मुळाशी आमच्या जातकुळीचा कुणीतरी असला पाहिजे.

तसाच निघाला. जिनिव्हाचा हेन्री द्युनां तरुणपणी बँकेत उमेदवारी करून पुढे धंद्यात पडला. अल्जीरियातल्या जमिनीचं आणि पाण्याचं काम अडलं, म्हणून फ्रान्सचा बादशहा तिसरा नेपोलियन याला गाठायला तो उत्तर इटलीत गेला. २४ जून १८५९ रोजी तिथे सोल्फेरिनोची लढाई झाली. एका दिवसात मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून सुमारे ४० हजार. जवळच्या कास्तिल्योने गावात घरं आणि चर्चं जखमींनी भरून गेली. द्युनां अर्ज विसरला आणि गावातल्या बायाबापड्यांना घेऊन पाणी पाजू लागला, जखमा बांधू लागला. हा आपला, तो शत्रूचा, असा भेद त्यांनी केला नाही.

१८६२ मध्ये त्यानं या आठवणी पदरमोड करून छापल्या. त्यातून रेड क्रॉस उभी राहिली, आणि १८६४ मध्ये १२ देशांनी पहिल्या जिनिव्हा करारावर सह्या केल्या. कलमं अवघी दहा. जखमी सैनिक कोणत्याही बाजूचा असो, त्याची शुश्रूषा करायची, हे त्यांचं सार. १८६७ मध्ये द्युनांचं दिवाळं निघालं. जिनिव्हा सुटली, वर्षानुवर्षं हलाखीत गेली. १९०१ मध्ये शांततेचं पहिलं नोबेल विभागून त्याला मिळालं.

पुतणीनं मग १९७७च्या पहिल्या जादा मसुद्याचं चोपन्नावं कलम दाखवलं. नागरिकांच्या जगण्याला लागणारं धान्य, उभी पिकं, गुरं, पिण्याच्या पाण्याची सोय, यांचा उपासमारीसाठी नाश करायचा नाही. भारतानं या मसुद्यावर सही केलेली नाही. १९४९चे करार मात्र आपल्याला बांधील आहेत आणि त्यांच्यासाठी १९६० चा कायदाही आहे. मला आठवलं ते शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीला गेलेलं पत्र. रयतेचं धान्य, गवत, भाजी जबरदस्तीनं आणाल तर लोकांना मोगलांपेक्षाही तुम्ही वाईट वाटाल, अशी त्यात ताकीद आहे.

आणि आठवलं आणखी एक कलम, दिवाणी प्रक्रिया संहितेचं साठावं. कर्जदारावर हुकूमनामा झाला तरी काही वस्तू जप्त करता येत नाहीत. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, धर्माप्रमाणे बाईला अंगावरून उतरवता येत नाही तो दागिना, शेतकऱ्याची अवजारं, बैल, बियाणं आणि कारागिराची हत्यारं.

ते मला परीक्षेपुरतं पाठ होतं. १९८६ साली तालुक्याच्या गावी एका शिंप्याच्या घरी जप्ती नेली. कर्ज म्हशींचं, म्हशी मेलेल्या. मालमत्ता दाखवायला बँकेतर्फे मी. बेलिफानं ओसरीवरच्या शिलाई मशीनवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं. वसुलीचा आकडा हवाच, असं साहेबांनी बजावलेलं. मी मान हलवली. पंचनामा झाला, मशीन बैलगाडीत चढलं, चाकाला अर्धवट शिवलेला परकर तसाच लोंबत होता.

पुतणीला हे सांगितलं. ती म्हणाली, "काका, तुम्हाला हुकूम होता ना?" मी तिच्याच पुस्तकात बोट ठेवलं. न्यूरेंबर्गच्या १९४५-४६च्या खटल्यात ती सबब चालली नव्हती. त्या गुन्ह्यांशी माझी तुलना नाही, पण सबब तीच.

"पण पाळतं कोण हे सगळं?" सौ.चा प्रश्न उरलाच. २०२२ पासून युक्रेन, २०२३ पासून गाझा आणि सुदान. पडलेली इस्पितळं आपण टीव्हीवर पाहिली आहेत. मी बँकेच्या भाषेतच सांगितलं, हप्ते थकले म्हणून वचनचिठ्ठी रद्द होत नाही. उलट तिच्याच आधारावर थकबाकी मागता येते. आणि कधी हप्ते भरलेही जातात. १९७१च्या युद्धात आपल्या ताब्यात आलेले सुमारे ९३ हजार कैदी १९७४ पर्यंत सुखरूप परतले.

निघताना पुतणीनं एक गोष्ट सांगितली. या करारांतच लिहिलंय की, ते शांततेच्या काळात सैन्याला शिकवावेत आणि शक्यतो सामान्य माणसालाही. ऐन वेळी पुस्तक उघडायला कुणाला सवड असते? ऐन वेळी एखाद्याला ते आठवावं आणि त्यानं ते बोलून दाखवावं, एवढ्यासाठीच हे शिक्षण.

त्या शिंप्याला साठावं कलम माहीत नव्हतं. बेलिफाला असेल-नसेल. मला माहीत होतं.