छोट्या आरएनएची तीन दशके

मायक्रोआरएनएच्या शोधाला नोबेल मिळाले २०२४ मध्ये. शोध लागला होता १९९३ मध्ये. व्हिक्टर अॅम्ब्रोस आणि गॅरी रुवकुन यांच्या गटांनी जेमतेम मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत दाखवले, की ‘लिन-४’ हे जनुक प्रथिन बनवतच नाही. ते २२ न्यूक्लिओटाइडांचा आरएनए, म्हणजेच मायक्रोआरएनए, बनवते आणि तो ‘लिन-१४’च्या संदेशवाहक आरएनएला जोडला जाऊन प्रथिननिर्मिती रोखतो. ही त्या कृमीचीच खासियत, असे पुढची सात वर्षे समजले गेले. २००० मध्ये ‘लेट-७’ हा दुसरा मायक्रोआरएनए झेब्राफिशपासून माणसापर्यंत जसाच्या तसा आढळला, तेव्हा हा समज टिकणे शक्यच नव्हते.

आक्षेप त्यानंतरही उरले, आणि ते वजनदार होते. एखादा मायक्रोआरएनए शेकडो जनुकांवर काम करतो, पण २००८ च्या मोजमापांत बहुतेक प्रथिने निम्म्यानेही घटलेली दिसली नाहीत. कृमीतले अनेक मायक्रोआरएनए एकेक करून काढून टाकले तरी फारसे बिघडले नाही. मग एवढा गाजावाजा कशासाठी? माझ्या मते इथे मोजपट्टीच चुकली. एकाच कुळातले आरएनए एकमेकांची उणीव भरून काढतात, म्हणून एक काढून काही कळत नाही. २००५ मध्ये झेब्राफिशच्या भ्रूणातून आईकडून आलेले आणि स्वतःचे, दोन्ही ‘डायसर’ हे मायक्रोआरएनए घडवणारे विकर काढले गेले. मायक्रोआरएनए तयारच होईनात. शरीराची आखणी झाली, पण मेंदूची घडण बिघडली. त्या भ्रूणांत एकट्या एमआयआर-४३० कुळाचे मायक्रोआरएनए टोचताच मेंदूचा बिघाड बराचसा सावरला. हेच कुळ आईने अंड्यात ठेवलेले शेकडो संदेशवाहक आरएनए वेळेवर निकाली काढते, हे पुढच्याच वर्षी उलगडले. संदेश किती घटला याइतकेच तो कधी हटला यालाही महत्त्व आहे, आणि सरासरीच्या आकड्यात ही वेळ दिसत नाही.

अल्प परिणाम म्हणजे क्षुल्लक परिणाम नव्हे, हे टेक्सेल मेंढ्यांतही दिसते. त्यांच्या मायोस्टॅटिन जनुकातल्या एका बदलामुळे एमआयआर-१ आणि एमआयआर-२०६ यांना बसायला नवी जागा मिळाली. स्नायूंच्या वाढीला आवर घालणारे हे प्रथिन घटले आणि मेंढ्या भरदार झाल्या. पण माझ्या लेखी सर्वांत निर्णायक पुरावा २००९ चा आहे. एमआयआर-९६ च्या लक्ष्य ओळखणाऱ्या भागात एकच न्यूक्लिओटाइड बदलल्यामुळे स्पेनमधल्या काही कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या श्रवणशक्ती हळूहळू जात होती. त्याच भागात तसाच एक बदल असलेल्या उंदरांच्या आतल्या कानात ध्वनी टिपणाऱ्या केसपेशींची वाढ अर्ध्यावर थांबलेली आढळली.